मागून येणाऱ्यासाठी

बंगळूर शहराच्या पश्चिमेस असलेली राजाजीनगर ही वसाहत मुळात कारखान्यांसाठी आणि त्यांत काम करणाऱ्यांसाठी आखली गेली. १९४९ च्या सुमारास, चक्रवर्ती राजगोपालाचारी भारताचे गव्हर्नर जनरल असताना, तिचा आरंभ झाला आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. लेथकाम, साचे, सुटे भाग, मोटारींची दुरुस्ती अशी कामे करणारी लहान लहान वर्कशॉपे पुढील दशकांत तिच्या औद्योगिक भागात उभी राहिली. राजाजीनगर आणि मल्लेश्वरम् यांच्या सीमेवर किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचा विस्तीर्ण कारखाना होता. किर्लोस्करवाडीच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये ही कंपनी बंगळुरात स्थापन झाली. त्या कारखान्याच्या जमिनीवर आज निवासी मनोरे, बाजारसंकुल आणि २०१० मध्ये पूर्ण झालेली वर्ल्ड ट्रेड सेंटरची उंच इमारत आहे. एके काळी जेथे विजेची यंत्रे घडत, तेथे आता संगणकाच्या पडद्यावर आज्ञावल्या लिहिल्या जातात. एका पिढीच्या अंतराने कामाचे स्वरूप इतके पालटले, तरी दोन्ही कामांना सारखाच लागू पडणारा एक प्रश्न त्या जागेवर टिकून आहे. जो काही घडवतो, त्याचे मागून येणाऱ्या अनोळखी माणसाशी काही देणे लागते काय?

विजेच्या मोटारीच्या अंगावर धातूची एक लहान पाटी बसवलेली असते. मोटार किती व्होल्टवर चालते, तिची अश्वशक्ती किती, मिनिटाला फेरे किती, जोडणी कोणती, एवढाच तिच्यावरचा मजकूर. मोटारीला फिरण्यासाठी या पाटीची काडीमात्र गरज नसते. पाटी निघून पडली तरी मोटार तितक्याच वेगाने फिरते. पाटीची गरज भासते ती मोटार बंद पडल्यावर, आणि तीही ज्याने ती घडवली त्याला नव्हे, तर दुरुस्त करणाऱ्याला. जळालेली मोटार दुरुस्तीस आली की कारागीर जुने वेटोळे काढताना तारेचे फेरे मोजतो, तारेची जाडी पाहतो, एका खाचेतून निघालेली तार कितव्या खाचेत शिरते हे वहीत टिपून ठेवतो. एकदा जुनी तार काढून टाकली की मूळ रचनेची साक्ष देणारे दुसरे काही उरत नाही, हे त्याला ठाऊक असते. पाटी आणि वही, या दोन साध्या वस्तूंत प्रलेखन या कर्माचे सारे मर्म साठवलेले आहे.

संगणकाच्या क्षेत्रात प्रलेखन म्हणजे आज्ञावलीविषयीचे लेखन. आज्ञावली काय करते, कशी वापरावी, कोठे अडते, अमुक एक गोष्ट अमुकच प्रकारे का केली आहे, हे सांगणाऱ्या पुस्तिका आणि टिपा यांचा त्यात समावेश होतो. आज्ञावलीच्या ओळींमध्येच ठिकठिकाणी काही टिप्पण्या लिहिण्याची सोय प्रत्येक संगणकभाषेत असते. या टिप्पण्यांचे वैशिष्ट्य असे की, यंत्र त्या वाचत नाही. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर होताना त्या गाळल्या जातात. यंत्राच्या दृष्टीने त्या असून नसल्यासारख्या. माणसाने यंत्रासाठी लिहिलेल्या त्या मजकुरात निव्वळ माणसाला उद्देशून लिहिलेला भाग तेवढाच असतो. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये तर असा विचार मांडला की, आज्ञावली लिहिताना यंत्राला काय करायचे ते सांगण्यापेक्षा यंत्राने काय करावे अशी आपली इच्छा आहे ते माणसाला समजावून सांगणे, हेच लेखकाने मुख्य कार्य मानावे. साहित्याच्या अभ्यासकास हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिणे हे त्याच्या परिचयाचेच आहे.

मात्र हा वाचक विलक्षण असतो. तो समोर नसतो. तो केव्हा येईल, कोण असेल, येईल की नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. तो प्रश्न विचारू शकत नाही, आभार मानू शकत नाही, मोबदला देऊ शकत नाही. पुष्कळदा तो येतो तो अडचणीच्या घटकेस, आणि लिहिणारा तोवर नोकरी सोडून, गाव सोडून, कधी जग सोडून गेलेला असतो. अशा माणसासाठी घेतलेल्या श्रमांना काय म्हणावे? परतफेड संभवत नाही म्हणून हा व्यवहार नव्हे. ओळख नाही म्हणून याला स्नेहही म्हणता येत नाही.

भारतीय परंपरेत याच्या जवळ जाणारी एक कल्पना आहे. माणूस जन्मतःच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊन येतो, असे मानले गेले. त्यांपैकी ऋषिऋण फेडण्याची रीत लक्षणीय आहे. ज्यांनी ज्ञान दिले ते ऋषी तर केव्हाच गेले. त्यांचे त्यांना परत देता येत नाही. अध्ययनाने ते ज्ञान जिवंत ठेवावे आणि पुढे सोपवावे, एवढाच फेडीचा मार्ग. ऋण मागच्यांचे, फेड पुढच्यांना. प्रलेखन हे या अर्थाने ऋषिऋणाचेच एक ऐहिक रूप होय. आज्ञावली लिहिणारा प्रत्येक जण दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तिका वाचूनच शिकलेला असतो.

परंतु परंपरेकडे भक्तिभावाने पाहून भागणार नाही. ज्या परंपरेने ऋषिऋण सांगितले, तिनेच ते ज्ञान कोणाला द्यावयाचे याच्या कठोर मर्यादाही घातल्या. स्त्रिया आणि शूद्र म्हणून गणलेले बहुसंख्य लोक त्या वारशाच्या बाहेर ठेवले गेले. वैद्याचा गुण देणारा पाला आणि कारागिराचे धातू पाजण्याचे गुपित घराण्याबाहेर जात नसे, आणि घराणे संपले की तेही संपे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यवहारचातुर्याची मानली जाते, पण ज्ञानाच्या बाबतीत तिची किंमत इतरांनी मोजलेली आहे. महापरिनिब्बानसुत्तात बुद्धांनी आयुष्याच्या अखेरीस आनंदाजवळ दिलेली ग्वाही या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगी आहे. आपण काही हातचे राखून शिकवलेले नाही, आचार्याची मिटलेली मूठ आपल्या ठायी नाही, असा तिचा आशय. आपल्यावाचून इतरांचे अडू नये, याची व्यवस्था करून जाणे हा त्या ग्वाहीतील नीतीचा गाभा आहे. आपल्यावाचून इतरांचे अडावे, ही इच्छा मात्र आजच्या कचेरीतही मिटलेल्या मुठीसारखीच वावरत असते. ज्या माणसालाच एखादी प्रणाली कळते, त्याला कामावरून काढणे कठीण, हे सर्वांना उमगलेले असते.

मराठी भाषेच्या आरंभकाळातच या प्रश्नाचे एक उत्तर दिले गेले आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या माणसामाणसांकडे जाऊन, विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून. मूळ पोथी पुढे धाडीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी आठवणींतून ती पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. त्यामुळे पाठ अनेक झाले. महानुभावांनी ते लपवले नाहीत. कोणती आठवण कोणाच्या मते कशी, याचे निर्देश पोथ्यांत ठेवले गेले. संगणकाच्या क्षेत्रात आज प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला याची नोंद ठेवणे हा शिस्तीचा भाग मानला जातो. त्या शिस्तीची प्रेरणा लीळाचरित्राच्या परंपरेला अपरिचित नव्हती. दुसरी गोष्ट भाषेची. पंथाच्या एका विद्वानाने संस्कृतात लिहिण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा तसे झाल्यास आपल्या स्वामींचा सामान्य परिवार वंचित होईल, असे सांगून नागदेवाचार्यांनी त्याला थांबवले, अशी आठवण स्मृतिस्थळात नोंदलेली आहे. लिहून ठेवणे पुरेसे नाही, ते कोणाला वाचता येईल याचाही विचार लिहिणाऱ्याने करावा, हा विवेक त्यात आहे.

रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिलेला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, कागद-शाई कशी सिद्ध करावी, हे तेथे इतक्या बारकाव्याने सांगितले आहे की, अध्यात्मग्रंथात हा विषय का यावा असा प्रश्न पडावा. त्यातला एक सल्ला मार्मिक आहे. तरुणपणी हौसेने काढलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे. म्हणजे भविष्यातला वाचक दुसराच कोणी असेल असे नाही. वय वाढलेला, दृष्टी मंदावलेला लिहिणारा स्वतःही तो असू शकतो. आज्ञावली लिहिणाऱ्यांचाही हाच अनुभव आहे. वर्षापूर्वी स्वतःच लिहिलेल्या ओळी उघडल्यावर त्या परक्याने लिहिल्यासारख्या वाटतात. प्रलेखनाची निकड बहुतेकांना पहिल्यांदा पटते ती अशा वेळी. परक्याची काळजी आणि स्वतःची काळजी यांतील सीमारेषा तेथे पुसट होते.

प्रलेखनाच्या अभावाची किंमत बंगळुराला प्रत्यक्ष मोजावी लागली नसली, तरी तिची मोजदाद करण्याचे काम मात्र त्याच्याकडे आले. १९६० आणि १९७० च्या दशकांत संगणकाची स्मृती फार महाग होती. म्हणून वर्ष चार आकड्यांऐवजी शेवटच्या दोन आकड्यांनी नोंदण्याचा प्रघात पडला. शतक संपेल तेव्हा ०० म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कळणार नाही, ही गोष्ट उघड होती. तथापि, त्या आज्ञावल्या तोवर चालू राहतील असे फारसे कोणाला वाटले नव्हते. त्या चालू राहिल्या. शतकाच्या अखेरच्या वर्षांत परदेशांतील बँका आणि विमा कंपन्या यांच्या कोबोल भाषेतील जुन्या आज्ञावल्या तपासण्याचे काम मोठ्या प्रमाणात भारतात आले, आणि बंगळूर, पुणे, मुंबई, चेन्नई, हैदराबाद येथील तरुण अभियंते त्या ओळीओळीने वाचत बसले. अनेक आज्ञावल्यांची पुस्तिका हरवलेली, लिहिणारे निवृत्त झालेले, चलांची नावे दोन-तीन अक्षरांची आणि निरर्थक. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे कोणाच्या मनात काय होते, हे केवळ कृतीच्या अवशेषांवरून ताडायचे होते. जळालेल्या मोटारीचे फेरे मोजणाऱ्या कारागिराचे ते काम होते, फक्त मोटारी लाखो होत्या.

या प्रकरणी मूळ लेखकांना दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. दोन आकडे वाचवण्याचा त्यांचा निर्णय त्या काळी शहाणपणाचाच होता. चूक झाली असेल तर ती एवढीच की, हा निर्णय का घेतला आणि तो कधीपर्यंत चालेल, हे पुष्कळ ठिकाणी सांगून ठेवले गेले नाही. कृती तिच्या कारणावाचून पुढे गेली. येथे प्रलेखनाच्या उत्तम-अधम प्रकारांतील भेद स्पष्ट होतो. आज्ञावली काय करते हे तिच्या ओळींवरून, कष्टाने का होईना, कळू शकते. ती तसे का करते हे ओळींत नसते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले आज्ञापत्र या दृष्टीने आदर्श म्हणावे लागेल. आरमारासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, एवढा हुकूम देऊन ते थांबत नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडल्यास त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही, असे कारणही सांगते. कारण कळलेला अधिकारी नव्या प्रसंगीही योग्य वागू शकतो. नुसता हुकूम मिळालेला अधिकारी हुकुमात न बसणारा प्रसंग आला की चाचपडतो.

कारण न सांगणे किती जिवावर बेतू शकते, याची दोन उदाहरणे विसरता येण्याजोगी नाहीत. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे थेरॅक-२५ या संगणकनियंत्रित किरणोपचार यंत्राने किमान सहा रुग्णांना अतिरेकी किरणमात्रा दिली आणि त्यांतील काही दगावले. बिघाड झाला की पडद्यावर ‘मॅलफंक्शन ५४’ असे शब्द उमटत. चालकांना दिलेल्या पुस्तिकेत त्या आकड्याचा अर्थच दिलेला नव्हता. असे संदेश वरचेवर येत असल्याने त्यांची सवय झालेली, आणि कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवला जाई. दुसरे उदाहरण बोईंग ७३७ मॅक्स या विमानाचे. विमानाचे नाक आपोआप खाली वळवणारी एक नवी प्रणाली त्यात बसवली होती. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. २०१८ च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात झालेल्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे मेली. पहिल्या प्रकरणात पुस्तिकेचे मोल कोणी ओळखले नव्हते. दुसऱ्यात उल्लेख असता तर प्रशिक्षणाचा खर्च वाढला असता, हा हिशेब होता. हेळसांड आणि लपवणूक यांत नैतिक अंतर आहे हे खरे, परंतु अनोळखी वाचकाला, म्हणजे आणीबाणीच्या क्षणी यंत्रापुढे बसलेल्या माणसाला, दोन्ही ठिकाणी एकटेच सोडले गेले.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही संगणकाच्या इतिहासातच आहे. १९७१ च्या नोव्हेंबरात युनिक्स या प्रणालीची पहिली पुस्तिका सिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक आज्ञेच्या पानावर दोष सांगणारा एक विभाग असे, आणि त्या आज्ञेचा धनी कोण तेही नमूद असे. आपल्या कृतीतील उणीव तिच्याच शेजारी, स्वतःच्या नावानिशी लिहून ठेवणे, हा प्रामाणिकपणा बाजाराच्या रीतीला धरून नाही. पण जो वाचक त्या उणिवेला अडखळणार होता, त्याचा पुढचा सारा दिवस त्या एका ओळीने वाचत असे.

येथवरच्या विवेचनावर गंभीर आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप श्रमाच्या बाजूने येतो. कामगाराचे कसब त्याच्या हातात आणि डोक्यात असते तोवर त्याला किंमत असते, ते कागदावर उतरले की त्याच्या जागी दुसरा स्वस्त माणूस बसवता येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक टेलर यांनी कारखान्यातील कामाचे बारीक तुकडे करून त्यांची लेखी नोंद करण्याची पद्धत रूढ केली, तेव्हापासून ही भीती निराधार नाही. ज्या ज्ञानांतरामुळे बंगळुरात काम आले, त्याच ज्ञानांतरासाठी परदेशातील कर्मचाऱ्यांना आपली जागा घेणाऱ्यांना शिकवावे लागले. तीच पाळी पुढे येथल्यांवरही येऊ शकते. मग प्रलेखनाला वात्सल्याचे नाव देणे म्हणजे लुबाडणुकीवर शाल पांघरणे नव्हे काय?

हा आक्षेप झिडकारण्यासारखा नाही. काळजी या शब्दाखाली ज्यांच्याकडून काम करून घेतले गेले आणि मोल दिले गेले नाही, अशांची यादी मोठी आहे, आणि तिच्या शिरोभागी घरातील स्त्री आहे. झाडलोट, सारवण, निवडणे-टिपणे ही कामे झाली तर दिसत नाहीत, न झाली तर दिसतात. प्रलेखनाचे तसेच आहे. नवी आज्ञावली लिहिणाऱ्याचे कौतुक होते. जुनीची पुस्तिका नीट ठेवणाऱ्याला बढतीच्या वेळी काय केले असे विचारले जाते. आक्षेपाचे उत्तर मूठ मिटून घेण्यात मात्र नाही, कारण मिटलेल्या मुठीची शिक्षा मालकाला होते त्याहून अधिक मागून येणाऱ्या कामगाराला होते. ज्याला अपुऱ्या माहितीनिशी रात्रभर बिघाड शोधावा लागतो, तोही नोकरच असतो. सांगणाऱ्याला वेळ, वेतन आणि नाव द्यावे, त्याने सांगितले म्हणून त्याला निरुपयोगी ठरवू नये, ही मागणी न्याय्य आहे आणि ती मालकाकडेच केली पाहिजे. तिचा राग अनोळखी वाचकावर काढणे न्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप ज्ञानाच्या स्वरूपाविषयी आहे. मायकेल पोलान्यी या विचारवंताने दाखवून दिले की, माणसाच्या ज्ञानाचा मोठा भाग शब्दांत उतरत नाही. लेथवर पोलाद कापले जाताना येणाऱ्या आवाजावरून धार बोथट झाल्याचे ओळखणारा कारागीर ती ओळख लिहून देऊ शकत नाही. ही मर्यादा मान्यच केली पाहिजे. पण तिच्यातून निष्पन्न होते ते एवढेच की, लेखन हा सहवासाला पर्याय नव्हे. बंगळूरच्याच हिंदुस्थान मशीन टूल्स या कारखान्याने संकलित केलेला उत्पादनतंत्रावरील ग्रंथ १९८० पासून देशभरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वापरला. त्याने कोणी कसबी कारागीर झाला नसेल, पण कसबी कारागिराकडे जाण्यापूर्वी काय विचारावे हे त्यामुळे पुष्कळांना कळले.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. लिहिलेले शिळे होते. प्रणाली बदलते, पुस्तिका तशीच राहते, आणि खोटे सांगणारी पुस्तिका मुळीच नसण्यापेक्षा घातक ठरते. मराठीने हा अनुभव दोनदा घेतला आहे. पेशवे दप्तरासारख्या संग्रहांत मोडी कागदांचे प्रचंड ढीग आहेत. लिहिणाऱ्यांनी आपले काम चोख केले होते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि ते कागद वाचणारे थोडे उरले. दुसऱ्यांदा हे संगणकावर घडले. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे संकेतमानक ठरले, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मराठी मजकूर टंकलिखित झाला तो निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र संकेतांचे फॉन्ट वापरून. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, याचा तक्ता प्रत्येकाचा वेगळा, आणि तो सर्वांना खुला असेलच असे नाही. तो फॉन्ट संगणकावर नसला की तोच मजकूर रोमन अक्षरांच्या निरर्थक माळेसारखा दिसतो. मोडीला निदान दीडशे-दोनशे वर्षांचा अवधी मिळाला होता. येथे वीस वर्षांतच स्वतःच्या भाषेतील स्वतः टंकलेले लेखन माणसाला अनोळखी झाले. एका तक्त्याचे प्रलेखन नीट झाले असते तर ते टळले असते.

म्हणून प्रलेखन ही एकदा करून संपणारी क्रिया नाही. जोन ट्रोन्टो आणि बेरेनिस फिशर यांनी १९९० मध्ये काळजीची जी व्याख्या केली, तिच्यात जग जपणे, चालू ठेवणे आणि दुरुस्त करणे या तिन्हींचा समावेश आहे. काळजीला घडवण्यापेक्षा राखण्याशी अधिक काम असते. सारवलेली जमीन पुन्हा सारवावी लागते, तशी पुस्तिका पुन्हा पुन्हा वाचून सुधारावी लागते. हे काम एकट्या लेखकाचेही नाही. पुस्तिकेत चूक सापडलेला वाचक ती कळवतो तेव्हा तोही मागून येणाऱ्याचा काळजीवाहू होतो. अलीकडच्या वर्षांत यंत्रेच आज्ञावली वाचून तिची माहिती लिहून देऊ लागली आहेत. त्यांनी श्रम वाचतात हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि, आज्ञावलीत जे नाही, म्हणजे लिहिणाऱ्याने कोणता मार्ग का टाळला आणि कोणत्या अडचणीपुढे नमते घेतले, ते यंत्राला ओळींवरून ताडावे लागते. माहीत असलेल्याने ते सांगून ठेवले नाही, तर पुढचा माणूस आणि पुढचे यंत्र दोघेही अंदाजच करीत राहतील.

किर्लोस्करांच्याच इतिहासाकडे वळले तर या काळजीचा एक रम्य विस्तार दिसतो. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, ही समजूत लक्ष्मणरावांच्या पहिल्या नांगरांच्या वाटेत आडवी आली होती. नांगर चांगला असून भागत नव्हते, तो समजावून सांगावा लागत होता. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले ते कारखान्याचे मुखपत्र म्हणून. यंत्रे व कारखाना यांची खबर देता देता ते वाचकाच्या घरात, शेतात आणि विचारांत शिरले आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील मान्यवर मासिक झाले. ज्याला यंत्र विकले त्याला समजावून सांगण्याची जबाबदारी स्वीकारली, की त्या माणसाच्या बाकीच्या आयुष्याविषयीही आस्था वाटू लागते, असे त्यातून दिसते. मराठी गद्याचा एक प्रवाह कारखान्याच्या प्रलेखनातून निघाला, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात नोंदण्याजोगी आहे.

राजाजीनगरच्या वर्कशॉपांत आणि शेजारच्या उंच इमारतीत कानडी, तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी बोलणारी माणसे काम करतात. त्यांच्यापुढील पुस्तिका बहुधा इंग्रजीत असतात. नागदेवाचार्यांचा प्रश्न तेथे अजून उभाच आहे. आणि ज्याची कोणी नोंद घेत नाही असे एक लहानसे कामही अशा वर्कशॉपांत चालते. दुरुस्त झालेल्या मोटारीला नवा रंग देण्यापूर्वी एखादा कारागीर तिच्या पाटीवर कागदाचा तुकडा चिकटवतो, रंग वाळला की काढून टाकतो. घाईत असलेला दुसरा तसाच रंग मारून मोकळा होतो. दोन्ही मोटारी गिऱ्हाइकाकडे सारख्याच चकाकत जातात आणि सारख्याच फिरतात. फरक कळायला दहा वर्षे लागतात, आणि तो ज्याला कळतो त्याला पहिल्याचे नाव ठाऊक नसते. पाटी वाचता आली, एवढेच त्याला पुरते, आणि तो कामाला लागतो.